स्नायू समजेपर्यंत बसून

ती. वन्संना साष्टांग नमस्कार. (साष्टांग घालताना किती सांधे वाकतात आणि कुठला स्नायू कुठे ओढला जातो, हे हल्ली मला ऐकून ऐकून पाठ झालंय. त्यामुळे या वेळचा नमस्कार जरा जपून घातला आहे. आदर तेवढाच आहे.) तुमचा रक्तदाब आता कसा आहे? नवी कवळी बसली, की अजून डबीतच राहते? आमच्याकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

पत्राचं कारण तुमचे बंधू. तसं लग्न झाल्यापासून गेली एकतीस वर्षं मी तुम्हाला लिहिलेल्या प्रत्येक पत्राचं कारण तेच आहेत, पण या खेपेला प्रकरण लांबलं. निवृत्त झाल्यावर जिना चढताना ह्यांचा गुडघा दुखायला लागला. डॉक्टरांनी गुडघा दाबला, मांडी दाबली आणि सांगितलं, गुडघ्याला काही झालेलं नाही, मांडीचे स्नायू बसून बसून गळालेत, व्यायाम करा. आता ज्या माणसाची सगळी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली (दुसऱ्यांची वजनं खरी की खोटी ते बघायचं, त्यातलं एकही स्वतः उचलायचं नाही, त्याला शिपाई होता, आणि त्याच्या आधी शाळेचं दप्तर तुम्ही उचलत होतात असं सासूबाई सांगायच्या, मी काही म्हणत नाही), त्याचं दोन शब्दांच्या सल्ल्यावर कसं भागावं? यंत्र आतून कसं चालतं ते कळल्याशिवाय कळ दाबायची नाही, असं म्हणून हे खुर्चीत बसले, ते तीन महिने उठले नाहीत.

आधी ग्रंथालयातून उशीएवढं जाड पुस्तक आलं. मग तक्ता आला. कातडी सोललेला एक उंच पुरुष, अंगभर लाल पट्ट्या, प्रत्येक पट्टीला नाव. तो फ्रिजशेजारी लागला, कारण तिथे उजेड चांगला. सकाळी दूध काढायला गेलं की तो माझ्याकडे टक लावून बघतो. (पापण्याच नाहीत बिचाऱ्याला, करणार काय.) जेवताना घास तोंडाशी नेला की हे मला थांबवायचे आणि सांगायचे, की स्नायूच्या आत बारीक तंतू असतात, ते आकसत नाहीत तर एकमेकांवरून सरकतात, आणि म्हणून हात उचलला जातो. तोवर भाजी गार. एकदा सांगितलं, स्नायू फक्त ओढतो, ढकलत कधीच नाही. दार ढकलतानासुद्धा आत कुणीतरी हाडाला ओढतच असतं. म्हणून त्यांच्या जोड्या असतात. दंडाचा पुढचा ओढायला लागला की मागचा सैल सोडतो. मी म्हटलं, एकानं ओढायचं आणि दुसऱ्यानं सैल सोडायचं, हे मला पुस्तकाशिवाय ठाऊक आहे, मी याच घरात राहते. हे हसले नाहीत. त्यांनी समासात पेन्सिलीनं काहीतरी टिपून ठेवलं.

घरात मी सापडेनाशी झाले, तेव्हा खुर्ची खाली माझ्या दुकानात आली. पडद्यांचं दुकान ते, तिथे आधीच पाय ठेवायला जागा नाही. शिवायची दोन यंत्रं, भिंतभर फळ्या, फळ्यांवर कापडाचे तागे, आणि मधल्या मोकळ्या जमिनीवर पसरून मी कापड बेतते. जाड कापडाचा एकेक तागा धान्याच्या पोत्यासारखा जड. मी स्टुलावर चढून तो खांद्यावर घ्यायची आणि हे खुर्चीतून सांगायचे, की आता खांद्यावरचा त्रिकोणी स्नायू लागला बघ, आता पाठीचा. सावकाश उतर म्हणायचे, कारण ओझं खाली आणताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं दुखणं मुख्यतः त्याचंच असतं. माहिती खरी असेल. पण उठून ताग्याचं दुसरं टोक धरावं, हे त्या पुस्तकाच्या नऊशे पानांत कुठेच छापलेलं नसावं.

मागच्या महिन्यात एक दंतवैद्य बाई दवाखान्याच्या पडद्यांसाठी आल्या. त्यांनी सहज स्वतःची दुखरी कंबर धरली. झालं. हे उठले, बेतायला पसरलेल्या कापडाच्या कडेला उभे राहिले आणि बैठक कशी मारावी, त्यात मांडीचा पुढचा स्नायू आणि नितंबाचा मोठा स्नायू मिळून भार कसा पेलतात, ते दाखवायला लागले. बसताना फारच छान बसले. मग तिथेच राहिले. मला वाटलं, अजून समजावणं चाललंय, कारण तोंड चालू होतं. जरा वेळानं लक्षात आलं, की उठताच येत नाहीये. कुठला स्नायू साथ देत नाही, ते खालून अगदी बरोबर सांगत होते, नावासकट. दंतवैद्य बाई माझ्या मापाच्या फितीचं एक टोक धरून उभ्या होत्या, त्यांना ते सोडावं की धरावं कळेना.

मी मागून काखेत हात घातले आणि उचललं. उचलताना त्यांचं बोलणं थांबलं. वन्सं, तेवढ्या क्षणापुरतं मला हसू आलं नाही. घाबरलेला माणूस कसा जड होतो, ते मला माझ्या हातांत कळलं. रोज दुपारचे काही तास मी खाली आणि हे वर एकटे. न्हाणीघरात असेच बसले असते तर मला कळलं कधी असतं? त्या संध्याकाळी पुस्तक उघडलं नाही. तक्त्याकडे पाठ करून जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना पलीकडच्या रस्त्यावरच्या व्यायामशाळेत नेलं. तिथे शिकवणाऱ्या बाई तिशीच्या, आवाज शांत, हात लोहारासारखे. हे गेल्या गेल्या त्यांची तोंडी परीक्षा घ्यायला बसले. सावकाश दमणारे तंतू कोणते, झटकन दमणारे कोणते, तुमच्याकडे कोणत्यांना प्राधान्य देतात वगैरे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठून बसायला सांगितलं. चार झाले. पाचव्याला हे म्हणाले, की सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद वाढते ती स्नायू वाढून नव्हे, मेंदू त्याला हाक मारायला शिकतो म्हणून. बाई म्हणाल्या, मग मारा हाक. (मला त्या बाई तिथेच आवडल्या.)

मी बाजूला गळ्यात फीत घेऊन उभी. दुकान उघडायचं होतं. बाई म्हणाल्या, काकू, तुम्ही करून बघता का? मी केलं. बावीसपर्यंत त्यांनी मोजलं आणि म्हणाल्या पुरे. मग एक लोखंडी दांडा पुढ्यात ठेवला आणि उचलायला सांगितला. ताग्यापेक्षा बरा होता, हाताला धरायला तरी जागा होती. त्यांनी दोन्ही टोकांना चकत्या वाढवल्या, तोही उचलला. हॉलमधली चार माणसं बघायला थांबली. बाईंनी विचारलं, तुम्ही आधी कुठे शिकलात? मी म्हटलं, मी पडदे शिवते.

परतताना हे निम्म्या रस्त्यापर्यंत माझ्या दंडाकडे बघत चालले. मग म्हणाले, "तू कधी बोलली नाहीस."

"काय?"

"एवढी ताकद आहे ते."

"तुम्ही तर समोरच बसला होतात. नावं सांगत."

यावर त्यांनी माझ्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली. (वन्सं, ही तारीख मी लिहून ठेवली आहे.) तुम्हीच मला बघायला आला होतात तेव्हा म्हणाला होतात, मुलगी फार हाडकुळी आहे, हिच्यानं काय उचलवणार. मी मनात ठेवलेलं नाही. आत्ता ओघात आलं.

तेव्हापासून आठवड्यातून तीन सकाळी आम्ही दोघं जातो. मी दांडा उचलते. हे खुर्चीतून उठतात आणि बसतात, आता आठपर्यंत गेलेत, आणि नंतर बाकावर टेकतात, कारण स्नायू व्यायाम करताना वाढत नाही, विश्रांतीत वाढतो, असं पुस्तकात आहे. पुस्तकातला एवढा एक परिच्छेद ते अक्षरशः पाळतात. बाकावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, की या बाईंचा पाठीचा स्नायू बघा. आधी लाज वाटायची. आता मी पाठ जरा ताठ करते.

बाकी क्षेम. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुमची वहिनी, हाडं तीच.

ता. क. पन्नाशीच्या पुढच्या बायकांची वजन उचलायची स्पर्धा येत्या शनिवारी आहे, परगावी. बाई व्यायामशाळेतल्या आम्हा चौघींना घेऊन निघाल्यात, पाच दिवस. तेव्हा तुमचे बंधू तेवढे दिवस तुमच्याकडे राहतील. हरकत असेल तर कळवा असं लिहिणार होते, पण त्यांचं गुरुवारच्या गाडीचं तिकीट काढून झालं आहे. हे पत्र वाचताना दार वाजलं तर तेच असतील.

ता. क. २. न विचारता ते बोलत असतील तर बोलू द्यावं. विचारलंत तर मात्र बसायला घ्या.

ता. क. ३. परवा सरावानंतर माझा उजवा हात खांद्याच्या वर जाईना, केस विंचरता येईनात. ह्यांनी एकदाच बघितलं, स्नायूचं नाव घेतलं आणि खांद्याच्या पात्याखाली बरोबर त्याच जागी अंगठा ठेवून दाबत राहिले, एक अक्षर न बोलता. अर्ध्या तासात हात वर गेला. केसही मग त्यांनीच विंचरून दिले. हे त्यांना तुमच्याकडून कळता कामा नये, की मी कुणाला सांगितलं.