चारशे बारा पिवळी कार्डं

९ सप्टेंबर १९९६, सोमवार

आमचे मालक आण्णा, त्यांनी आज गॅस एजन्सीतली पिवळी कार्डं सगळी माझ्या टेबलावर आणून ओतली. पिवळी म्हणजे घरगुती गिऱ्हाइकं. निळी हॉटेलं, हिरवी शिरोलीचे कारखाने — ती त्यांनी आपल्या कपाटात घालून कुलूप लावलं. म्हणाले, महिन्याला एक टाकी उचलतात ते एका बाजूला काढ, त्याहून कमी उचलतात ते दुसऱ्या बाजूला. कशाला, ते सांगितलं नाही. मुंबईहून कंपनीचे सकाळपासून तीन फोन झाले, नि तिन्ही वेळा त्यांचा चहा तसाच गार झाला.

संध्याकाळपर्यंत मोजलं. पाचशे चाळीस कार्डांपैकी चारशे बारा कमी उचलणारी! मला काही नवल वाटलं नाही. आमच्याकडंही अंघोळीचं पाणी बंबावर, भाकऱ्या स्टोवर, नि गॅस पेटतो तो पावणं आल्यावर चहाला. टाकी अडीच महिने पुरवली की बायका चारचौघीत सांगतात. आण्णांना ते आवडलेलं दिसलं नाही. ढिगाकडं बघत बसले.

११ सप्टेंबर

कळलं कशासाठी ते. बाहेरच्या देशातून येणारा गॅस महागलाय, दीडपट म्हणे, अजून चढणार. हॉटेलवाल्याला दर वाढवून सांगता येतो, कारखान्यालाही. पण घरगुतीला मागच्या पाडव्याला आपणच स्कीम दिलीय — दोन वर्षं एकच दर! एजन्सीच्या भिंतीवर तसं मोठ्या अक्षरात लिहिलंय. म्हणजे पिवळ्या कार्डावर टाकी गेली की आण्णांना खोट, नि कमी उचलणाऱ्याकडं तीच टाकी अडीच-अडीच महिने अडकून पडते ते वेगळंच.

ती स्कीम विकली कोणी? मीच. सरकारी गॅसला नंबर लावून लोक सहा-सहा वर्षं बसलेले. राजारामपुरीच्या गल्ल्या मी पायाखाली घातल्या. निम्म्या कार्डांवर अक्षर माझं आहे.

आण्णा म्हणाले, "तंगी, ही चारशे बारा घरं मला बुडवणार बघ."

तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. आम्ही दोघं सीमेकडचे, दुकानात कोणी नसलं की कानडीच बोलतो. मला सख्खा भाऊ नाही. नोकरीला लागून चार वर्षं झाली, तरी त्यांनी तंगी म्हटलं की आत बरं वाटतं. खोटं कशाला लिहू?

१९ सप्टेंबर

तोड निघाली. आण्णा एक वेगळी एजन्सी काढतायत, त्यांच्या आईच्या नावानं. आई गौराबाई, म्हणून 'गौराई गॅस सर्व्हिस'. चारशे बारा घरं तिकडं द्यायची. प्रत्येकाची संमतीची सही हवी. ती मी आणायची, कारण लोक मला ओळखतात.

फॉर्म मी नीट वाचला. दर तोच, डिपॉझिट तेच. पण शेवटून दुसरी ओळ बारीक टाइपात आहे — मूळ कंपनीवर व एजन्सीवर यापुढे कोणतीही जबाबदारी राहणार नाही. आण्णांना बोट लावून दाखवली. म्हणाले, वकिलांची भाषा असते ती, त्याशिवाय त्यांना फी कोण देणार. हसले. मीपण हसले.

घरी ह्यांना सांगितलं. हे शिरोलीत फौंड्रीत मोल्डर. त्यांच्याकडं आठवड्यातले चारच दिवस भट्टी चालू आहे, त्यामुळं हल्ली प्रत्येक गोष्टीत खोट काढतात. जेवता जेवता एवढंच म्हणाले, तोट्याचं गिऱ्हाईक नवीन एजन्सीला फायद्याचं कसं होणार? मी त्यांना आमटी वाढली.

२६ सप्टेंबर

आज एकतीस सह्या.

२ ऑक्टोबर

सुट्टी असून हिंडले. नवव्या गल्लीत चिमणामावशींकडं गेले. मावशी विधवा, लग्नकार्यात पोळ्या लाटायला जातात. माडीवरची एक खोली. घरमालकानं बजावलंय — चूल नाही, रॉकेलचा स्टो नाही, धुरानं भिंती काळ्या होतात. म्हणून मागच्या पाडव्याला पहिलं कार्ड मी त्यांचंच केलं होतं. लेक बाळंतपणाला आलीय, सातवा सरला. तिनं मला हौसेनं बाळाच्या दुपट्याचे तुकडे दाखवले.

फॉर्म पुढं केला. मावशींना अक्षरओळख बेताचीच. म्हणाल्या, "तू म्हणतीस म्हणजे चांगलंच असंल की. कुठं करू सही?"

बारीक टाइपातली ओळ मी वाचून दाखवली नाही. बाकी सगळं दाखवलं. तीच तेवढी नाही. का, ते मला माहीत आहे — वाचली असती तर त्यांनी विचारलं असतं, म्हणजे काय गं? नि मला सांगावं लागलं असतं.

घरी येऊन उगीच ह्यांच्यावर चिडले.

१० ऑक्टोबर

दोनशे नव्वद झाल्या. आता ओळ कोणालाच वाचून दाखवत नाही. वेळ लागतो!

२३ ऑक्टोबर

ज्ञानू टाक्या पोचवायला असतो, तीनचाकी त्याचीच. आण्णांनी त्याला गौराईकडं जा म्हटलं तर सरळ नाही म्हणाला. माझ्याजवळ आला, टेबलाला टेकला नि हळूच बोलला, "वैनी, राधानगरी रोडच्या शेडात जाऊन आलोय मी. दोनशे टाक्या हाईत तिथं. माणसं किती? दुसरी गाडी यायची हाय म्हणं. कवा, ते कुणालाच म्हाईत न्हाय."

म्हटलं, येईल रे.

"तुमी तिकडं जाऊ नगा," म्हणाला. आपलं पाकीट, चपला, पाण्याची बाटली घेतली नि गेला. त्याचा पगार बाकी होता. तोही मागितला नाही.

३ नोव्हेंबर

चारशे बारा पुऱ्या. आण्णांनी पेढे आणले. ओळखपत्राला हवेत म्हणून माझे चार फोटो मागितले. शाहूपुरीत जाऊन काढले. फोटो बरे आलेत, हे सुद्धा बरे म्हणाले.

१२ नोव्हेंबर, भाऊबीज

आण्णांनी घरी बोलावलं! चार वर्षांत पहिल्यांदा. पाट, रांगोळी, वहिनींनी केलेली करंजी. गौराबाई खुर्चीत बसून बघत होत्या. मी आण्णांना ओवाळलं. तबकात त्यांनी खण ठेवला, नारळ ठेवला, आणि वर एक मोठं पाकीट. म्हणाले, "तंगी, आजपासनं गौराई तुझ्या हातात. तू सांभाळायची. इन्चार्ज."

पाकिटात कागद. आठ ठिकाणी पेन्सिलीनं फुली मारलेली, तिथं सह्या करायच्या. दोन कागदांवर माझा फोटो आधीच चिकटवलेला. बँकेचं कार्डही होतं, इन्चार्जची सही बँकेला लागते म्हणे. एका हातात तबक, निरांजन अजून जळत होतं, वहिनींनी तबक धरायला घेतलं नि मी तिथंच पाटाजवळ बसून सह्या केल्या. कागद परत पाकिटात गेले, पाकीट त्यांच्या कपाटात. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. गौराबाईंच्या पाया पडले, तर त्या कानडीत एवढंच म्हणाल्या — सांभाळ गं बाई. तोंड फिरवून घेतलं त्यांनी. दिवसभर आनंदात होते, पण ते तोंड फिरवणं मनातून जात नाही.

रात्री ह्यांनी विचारलं, वाचलंस काय ते?

मी म्हटलं, "ओवाळणी वाचत्यात काय?"

ते अंथरूण घालायला उठले. मला वाटलं, जिंकले.

१८ नोव्हेंबर

गौराईचा पहिला दिवस. पत्र्याचं शेड, एक टेबल, एक खुर्ची. टेलिफोन नाही, अर्ज केलाय म्हणे. टाक्या मोजल्या. दोनशे नाहीत, एकशे साठ. पोचवायला माणूस नाही, लोकांनी सायकलवरून न्यायच्या. लोकांना इन्चार्ज म्हणून सांगितलं तेव्हा बरं वाटलं, एवढं मात्र खरं.

२५ नोव्हेंबर

चाळीस उरल्या. गाडी नाही.

२८ नोव्हेंबर

नऊ उरल्या. आण्णा म्हणाले, मुंबईहून निघालीय. परवाही हेच म्हणाले होते.

लोक आता टाकी नेत नाहीत, तर रांगेत बसून राहतात. कोणी भांडत नाही अजून. मला बघून हसतात, त्यानं जास्त भीती वाटते.

२ डिसेंबर

राजारामपुरीत जुन्या एजन्सीत गेले, आण्णांना समोरासमोर विचारायला. भिंतीवरचं 'दोन वर्षं एकच दर' चुन्यानं पुसलेलं. माझ्या टेबलावर सौंदर्या नावाची नवी मुलगी, जेमतेम वीसची. आण्णा आत होते. त्यांचा खोकला ऐकू आला मला! सौंदर्या म्हणाली, साहेब बाहेरगावी गेलेत. मग एक कागद बघून वाचायला लागली, गौराईकडे गेलेल्या घरगुती ग्राहकांबाबत या एजन्सीवर कोणतीही जबाबदारी राहणार नाही.

ती ओळ मला पाठ आहे. तिला ते कुठं माहीत! मी आत शिरले नाही. चार वर्षं ज्या दारातून आत-बाहेर केलं, त्या दारात पाय उचलेना. रिक्षा करून परत आले.

५ डिसेंबर

एकही टाकी नाही. कोणीतरी शेडच्या पत्र्यावर दगड मारला. बाहेर जाऊन बघितलं तर सगळे ओळखीचेच उभे.

ह्यांनी आज फौंड्रीला दांडी मारली आणि दिवसभर शेडात माझ्याजवळ बसून राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

७ डिसेंबर

चिमणामावशी आल्या. लेक बाळंत झाली, मुलगा. नवव्या गल्लीपासून चालत आल्या, रिकामी टाकी डोक्यावर घेऊन. बाळाच्या अंघोळीचं गरम पाणी शेजारणीकडून मागून आणतात. शेजारीण दोन दिवस देते, तिसऱ्या दिवशी दार लावून घेते. काल थंड पाण्यानंच अंघोळ घातली. बाळ कण्हतंय. त्यांनी गुपचूप स्टो पेटवला तर मालकानं वर येऊन तो जिन्यावरून खाली टाकला, म्हणाला महिनाअखेर खोली सोडा.

हे सगळं त्या तक्रार म्हणून सांगत नव्हत्या. मी ओळखीची म्हणून सांगत होत्या. मला तिथं बसवेना.

८ डिसेंबर, रविवार

आमची घरची टाकी, अर्धी असेल, ह्यांनी सायकलवरून मावशींकडं पोचवली. चारशे अकरा राहिले.

१० डिसेंबर

सांगून टाकलं. मावशी सकाळीच रांगेत होत्या, त्यांना आत घेतलं. म्हटलं, मावशी, त्या कागदात एक ओळ होती, मी तुम्हाला वाचून दाखवली नव्हती. सगळी ओळ सांगितली. आता जुन्या एजन्सीकडं तो दर मागता येत नाही, डिपॉझिटही नाही. मी मुद्दाम लपवलं. रडले मी. त्यांच्यासमोर रडायचा हक्क नव्हता मला, तरी रडले.

मावशी शिव्या घालतील वाटलं. मग म्हणाल्या, "तू तरी काय करणार? तू पगारी माणूस. तुझ्या डोक्यावर मालक बसलाय न्हवं? त्यो येऊ दे हितं एकदा. आमी साऱ्या मिळून त्यालाच धरतो. तोवर मी हितनं हलत न्हाय."

बाहेर जाऊन त्यांनी बायकांना तेच सांगितलं. रांगेत बसल्या सगळ्या, मालकाची वाट बघत. मला इतकं हलकं वाटलं! महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवले.

११ डिसेंबर

पुरवठा कार्यालयातून साहेब आले, तक्रारींचा गठ्ठा घेऊन. मालकाचं नाव विचारलं. मी आण्णांचं सांगितलं, राजारामपुरीचा पत्ता सांगितला. त्यांनी फाईल उघडून माझ्याकडं फिरवली. गौराई गॅस सर्व्हिस. मालक — सौ. शिवलीला महांतेश हत्तरकी. फोटो माझा. सह्या माझ्या, आठही.

बाहेरून चिमणामावशींनी विचारलं, मालक आलं काय गं?

आले, म्हटलं.