काउंटरचा एकच पासवर्ड

आई, आपण लोणारला राहायचो तेव्हा सोयरीक जुळवणारे लोक चौकशीला थेट आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येत. तू दवाखान्यात नर्स, म्हणजे गावातल्या पोरींचं दुखणंखुपणं तुला ठाऊक असणार. एकदा एक काका पाटावर बसून चहा पीत विचारत होते, "सिस्टर, पोरगी कशी आहे? काही दुखणं-बिखणं?" तू तव्यावरची भाकरी उलटलीस. "मले तं दवाखान्यात सारे दुखण्याचेच दिसतात, भाऊ. चांगल्याईची चौकशी दुसरीकडं करा." ते हसत निघून गेले. मग मी म्हणाले, ती तर दर महिन्याला गोळ्या न्यायला येते ना? शाळा सुटल्यावर मी तुझ्याजवळच बसायचे, मला दिसायचं. तू गॅस बंद केलास. "दवाखान्यात पाह्यलेलं माणूस तिथंच ठेवून याचं. घरी नाही आणाचं."

तू गेल्यावर मी संगणक शिकले. आता दवाखान्यांचं सॉफ्टवेअर बसवते. जिल्ह्यातल्या एका खाजगी रुग्णालयाचे केसपेपर संगणकावर आणायचं काम माझ्याकडे होतं, आणि कोणाला काय दिसावं हे ठरवणंही. नाव नोंदवणाऱ्या काउंटरला फक्त नाव, वय, पत्ता दिसायला हवा होता आणि प्रत्येकाला वेगळा पासवर्ड हवा होता. पण बाजाराच्या दिवशी रांग दाराबाहेर गेली तसा काउंटरवरचा माणूस वैतागला. "म्याडम, पासवर्ड टाकत बसू का पेशंट पाहू? जुनी फाईल दिसत नाही तं डॉक्टर मलेच झापतात." मी काउंटरवरच्या सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड दिला आणि पूर्ण फाईल उघडी केली. तात्पुरती, असं स्वतःला सांगितलं. रांग सरकली. सगळे खूश होते, मीही.

सुलतानपूरची एक मुलगी तिथं फिट्सवर उपचार घेते. तिचं लग्न ठरलं आणि साखरपुड्याच्या तोंडावर मोडलं. मुलाकडच्यांनी तिच्या गोळीचं नावसुद्धा सांगितलं. संगणकाचं काम माझ्याकडे आहे हे कळून तिची आई मला शोधत आली. "कोनं सांगतलं वो ताई? आमी तं घरातबी हळूच बोलतो." कोणती फाईल कोणी उघडली याची नोंद सिस्टीममध्ये राहते. मी पाहिलं. लग्न मोडलं त्याच आठवड्यात तिची फाईल उघडली होती, आणि उघडणाऱ्याचं नाव होतं: काउंटर. त्या पासवर्डवर चौघं काम करतात. मी तिला म्हणाले, "कोणी पाहिलं ते सिस्टीममध्ये समजत नाही." हे खरं होतं. समजू नये अशी सोय मीच करून ठेवली होती, ते मी सांगितलं नाही. ती "बरं, ताई" म्हणाली आणि उलट मलाच नमस्कार करून गेली.

दुसऱ्या दिवशी मी काउंटरची पूर्ण फाईल पाहण्याची परवानगी काढून घेतली, चौघांना वेगवेगळे पासवर्ड दिले. आता सगळं जसं असायला हवं तसं आहे. त्या मुलीचं सोडून.

सुलतानपूरला जाऊन तिच्या आईला खरं काय ते सांगणार आहे, असं इथं लिहायचं होतं. एसटीची वेळही विचारून ठेवली. पण अजून गेलेली नाही, रुग्णालयालाही काही कळवलेलं नाही. तुला लिहिणं सोपं आहे, आई. तू कोणाला सांगणार नाहीस.