बुधवारची सोबती

८ जुलै, सोमवार

वाट लागली. वर्गात पाऊल टाकलं आणि साठ पोरं उभी राहिली — 'गुड मॉर्निंग मॅम'! मी गुपचूप शेवटच्या बाकावर जाऊन बसले, तर खो खो हसली. पंचेचाळिसाव्या वर्षी एफवायबीएची हौस कुणाला? नलिनीबाईंना.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, उद्यापासून जात नाही. हे म्हणाले, "मगे वह्यांक कव्हरां कित्याक घातलंस?"

१० जुलै, बुधवार

कॉलेजात 'सोबती' योजना आहे. नव्या मुलांना वरच्या वर्गातलं एकेक जण देतात, दर बुधवारी तासभर भेटायचं. मला अक्षता मिळाली. बोरीवलीची, एकोणीस वर्षांची, हडकुळी. मला काय हाक मारायची याचाच तिला घाम फुटला. म्हटलं, नावाने हाक मारायची ती एका बाकावरच्यांनी. तू वरच्या वर्गातली, काकू म्हण.

कॉलेजातून नाव काढून घेणार आहे, हेही सांगून टाकलं. "ऑगस्ट संपेपर्यंत थांबा ना काकू. नाहीच जमलं तर अर्ज मीच लिहून देते."

पोरगी गोड आहे. थांबते.

२४ जुलै

लायब्ररीतून पुस्तक कसं घ्यायचं, अडलं तर कुठल्या सरांना गाठायचं, इंग्रजी धड्यात कुठे रेघ मारायची — सगळं दाखवते. अर्थशास्त्र तर असं समजावते की भांडुप मार्केटात भाजीवालीशी घासाघीस करताना मला मागणी-पुरवठा आठवतो. घावणे नेले होते. चार खाल्ले. घरून न खाता निघते की काय?

७ ऑगस्ट

वर्गात हात वर केला. उत्तर चुकलं. कोणी हसलं नाही. अक्षताला सांगितलं तर तिचेच डोळे भरले. वेडी.

२१ ऑगस्ट

तिला म्हटलं, बुधवार नसता तर मी केव्हाच पळाले असते. "मीपण," म्हणाली. मला वाटलं, उगाच आपलं बोलायला.

२७ ऑगस्ट, मंगळवार

सोबतीबद्दल चार ओळी लिहून द्यायच्या होत्या, मी दोन पानं लिहिली. वर तिचा रोल नंबर हवा म्हणून ऑफिसात गेले. तिथल्या कुंदाताईंनी एसवायची यादी दोनदा पाहिली. "ही मुलगी एसवायला नाहीच. एफवायचे शेवटचे पेपरच दिले नाहीत तिने. सोबतींची यादी निकालाआधी झाली, नाव तसंच राहिलं."

परत एफवायला प्रवेश मिळतो म्हणे. शनिवारपर्यंत. वडिलांची सही लागते.

जेवणच गेलं नाही.

२८ ऑगस्ट, बुधवार

आधी खाऊ घातलं, मग विचारलं. डब्याचं झाकण लावत म्हणाली, "दारापर्यंत गेले होते काकू. छाती धडधडायला लागली. मागे फिरले. पुढच्या पेपरांनाही तेच." घरी वाटतंय, एसवायला आहे. रोज वेळेवर निघते आणि इथे लायब्ररीत बसते. "सोबतीचं नाहीच म्हणणार होते. मग तुम्हाला बघितलं, एकट्याच बसलेल्या."

राग आला. इतके बुधवार समोर बसून खोटं! आणि तरी ती मला आवडते, याचा जास्त राग आला. म्हटलं, ऊठ. आधी कॉलेजच्या समुपदेशक बाईंकडे. मग तुझ्या घरी, मी येते.

"बाबा ओरडणार नाहीत. बोलायचंच बंद करतील."

"मी बोलेन की. मला कोण गप्प करतंय?"

३० ऑगस्ट

बोरीवलीला जाऊन आले. तिनेच सांगितलं सगळं, धीराने. वडील तासभर खिडकीबाहेर बघत होते. प्रवेशाचा फॉर्म टीपॉयवर तसाच, सहीविना. निघताना एवढंच म्हणाले, "राहू द्या तिथे."

३१ ऑगस्ट, शनिवार

मला एक वाजता पाळणाघरात कामाला जायचं असतं. तोवर ऑफिसबाहेर उभी होते. आली नाही. फोन बंद.

ऑगस्ट संपला. माझा अर्ज कोण लिहिणार आता?

३ सप्टेंबर, मंगळवार

हजेरी संपत आली होती. सरांनी यादीच्या तळाशी पेनाने लिहिलेलं एक नाव वाचलं. दारातून "प्रेझेंट" आलं. शनिवारी ऑफिस बंद व्हायच्या आत वडील स्वतः फॉर्म घेऊन आले होते, हे नंतर कळलं.

ती सरळ शेवटच्या बाकाशी आली, दप्तर टाकलं.

"सरक ना गं, नलिनी."

सरकले.