परवाचा पेपर पुढे ढकलावा का

अकोला, शुक्रवार, संध्याकाळी सात

दहा दिवस झाले, वही उघडली नाही. उघडली की हेच लिहावं लागेल, म्हणून.

नर्सिंगच्या लायसनचा पेपर परवा, अमरावतीला. दुसऱ्यांदा. तारीख ढकलायची तर आज आठपर्यंत मोबाइलवरून ढकलता येते. मग पुढची चार महिन्यांनी, आणि दवाखान्यातली जागा तोवर माझ्यासाठी थांबणार नाही. एवढं माहीत असून सकाळी पुस्तक घेऊन निघाले ती पातूरला लेण्यांत जाऊन बसले. काहून? एसटी समोर उभी होती म्हणून.

मागच्या पेपरात होतं, इन्सुलिन दिल्यावर सुईची जागा चोळायची का? मी 'हो'वर खूण केली. वॉर्डात पेशंट म्हणतात, "सिस्टर, चोळून द्या ना," आणि आपण देतो. पुस्तकात 'नाही' आहे. असे किती प्रश्न वॉर्डातल्या सवयीने घालवले, कोण जाणे.

रूममेट संगीता पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "ढकल ना, ढकल. चार महिन्यांनी तुयं डोकं नवीन येनार हाये काय वं?" हसू आलं नाही. रागही नाही. चोळायचं नाही, चोळायचं नाही, एवढंच चालू आहे आत.

साडेसात. मोबाइल हातात, बोट हलत नाही.

आत्ता दार वाजलं. बाबा आलेत, बाळापूरहून. मी नापास झाले तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. आताही दारातूनच संगीताला विचारून राहिले, "परवा अमरावतीची पयली गाडी किती वाजता हाये वं?"