पाण्यात बुडालेली गाडी चालू करायची नाही

आई, मागच्या महिन्यात आपल्या नेरूळच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी भरलं. खाडीला भरती होती, गटारं तुंबलेली, आणि आमची गाडी सीटपर्यंत पाण्यात. पाणी ओसरल्यावर तुझा जावई, ज्याला तू कधी पाहिलंच नाहीस, चावी घेऊन खाली निघाला. "एकदा स्टार्ट मारून बघतो." मी जिन्यातूनच ओरडले, "चावी लावू नकोस! आत पाणी गेलं असेल तर इंजिनच बसेल, आणि मग इन्शुरन्सवाले म्हणतील, चूक तुमची." तो दचकून थांबला. मी सगळ्या बाजूंनी गाडीचे फोटो काढले, कंपनीला फोन केला आणि टोइंगची वाट बघत पायरीवर बसले. तू कितीदा हे माझ्याकडून घोकून घेतलं होतंस, ते तिथे बसल्यावर आठवलं.

बाबा मी लहान असतानाच गेलेले. घरात आपण दोघीच, आणि गिझरपासून गाडीपर्यंत सगळं तूच बघायचीस. मी नोकरीला लागल्यानंतरच्या उन्हाळ्यात अचानक तू मला घर शिकवायला घेतलंस. रविवारची झोप मोडून स्टुलावर चढवलंस. "हा मेन कॉक. पाईप फुटला तर आधी हा बंद, प्लंबरला फोन नंतर." मग स्वयंपाकघरात. "गॅसचा वास आला तर काय करशील?" मी म्हटलं, एक्झॉस्ट लावीन. तू कपाळाला हात लावलास. "वेडी आहेस का? कुठलंच बटण दाबायचं नाही. चालू असलेलं बंदपण करायचं नाही. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, आणि घराबाहेर." मी वैतागायचे. ऑफिसमधून दमून यावं तर तुझी परीक्षा तयार.

एकदा तू मला स्टेपनी बदलायला लावलीस. मी पार्किंगमध्ये घामाने निथळतेय आणि तू प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून सूचना देतेयस. "आधी नट सैल कर, मग जॅक लाव." पाना माझ्या हातून सटकतोय. मी चिडून म्हणते, "तू का नाही करून दाखवत?"

"मी नसताना तुलाच करायचंय."

"कुठे चाललीयेस एवढी?"

तू चाकाकडे बोट दाखवतेस. म्हणतेस, "तो खालचा राहिलाय बघ." वर जाताना मात्र तू माझ्या खांद्याचा आधार घेतलास. तसा कधीच घ्यायची नाहीस. त्याच संध्याकाळी, भाजी निवडताना, वर न बघता सांगितलंस, "रिपोर्ट आलेत. पसरलंय. टेन्शन घेऊ नकोस, अजून बरंच शिकवायचं राहिलंय." मी समोरची मेथी तशीच टाकून तुला मिठी मारली. तू अंथरुणाला खिळलीस तरी विचारत राहिलीस, फ्यूज गेला तर काय, किल्ली आत राहिली तर काय. मी रडत उत्तरं द्यायचे. दिवाळीआधी तू गेलीस.

त्या हिवाळ्यात खरंच पाईप फुटला. मी स्टुलावर चढले, मेन कॉक बंद केला, पाणी थांबलं. मग ओल्या फरशीवर बसून राहिले. जमलं गं, हे सांगायला घरात कुणीच नव्हतं.

काल एजंटचा फोन आला, गाडीचा क्लेम मंजूर झाला म्हणून. बोलता बोलता म्हणाला, "मॅडम, तुमच्या लाइफ पॉलिसीला नॉमिनी आई दिसतायत. त्या असतात ना सोबतच?" पहिल्या नोकरीला लागल्यावर, तुझं दुखणं कळायच्या आधी, तूच काढायला लावलेली ती पॉलिसी. तिथे आता माझ्या लेकीचं नाव हवं, हे मला कळतं. शेजारपाजारच्यांना मीच सांगत असते, नॉमिनी बदलून घ्या, मागच्यांचे हाल होतात. आज सकाळी मोबाइलवर नॉमिनी बदलायचं पान उघडलंही होतं. पण आधी तुझं नाव काढायचं, मगच तिचं भरता येतं. मी ते पान बंद केलं. आणि आई, काल एजंटला मी 'हो' म्हटलं.