पुढच्या दाराचा उमेदवार

७ ऑगस्ट, बुधवार. सकाळी ६.१०

काल प्राथमिक फेरी जिंकलो. हॅडन काउंटीच्या ड्रेन कमिशनर पदासाठी रिपब्लिकन पक्षाचा अधिकृत उमेदवार: मी, ऑरिन टेलफोर्ड. विरोधात कोणी नव्हतं. पण जिंकणं ते जिंकणं.

ही काउंटी डेमोक्रॅटांची आहे, असं म्हणतात. म्हणोत. ड्रेन कमिशनरचं काम म्हणजे नाले, ओढे, तळ्यांची पातळी. पाण्याला पक्ष नसतो. (वाक्य चांगलं आहे. भाषणात घेणे.)

पंचवीस वर्षं मी लोकांच्या सेप्टिक टाक्या उपसतोय. एका जुनाट टँकरवर सुरुवात केली, आता तीन आहेत. अर्ध्या काउंटीत कोणाच्या अंगणात काय पुरलंय ते मला पाठ आहे. मात्र प्रत्येक घरी गेलो तो मागच्या बाजूने. पुढच्या दारातून आत या, असं आजवर एकानेही म्हटलेलं नाही. कमिशनरला म्हणावंच लागेल.

संकल्प: १) रोज सूट. २) पुढच्या दाराची बेल. ३) टाकीचा विषय काढायचा नाही.

१० ऑगस्ट, शनिवार

पक्षाच्या ऑफिसात मीटिंग. ऑफिस म्हणजे बंद पडलेल्या बुटांच्या दुकानाची मागची खोली. हजर पाच. अध्यक्षा व्हर्ना क्विस्ट, वय ब्याऐंशी, चौतीस वर्षं अध्यक्षा, कारण दुसरं कोणी होत नाही. मी अठ्ठावन्नचा आहे, तरी मला पोरा म्हणते.

अंगणात लावायच्या पाट्यांवर चर्चा. व्हर्ना म्हणाली, पोरा, पाटीवर तुझा टँकर छाप आणि मोठ्या अक्षरांत टेलफोर्ड सेप्टिक लिही. लोक टँकरला ओळखतात, तुला नाही. मी म्हटलं, व्हर्ना, हे पद आहे, धंदा नाही. पाटीवर सूटमधला फोटो आणि पूर्ण नाव: ऑरिन डब्ल्यू. टेलफोर्ड, ज्युनिअर. ती म्हणाली, बरं बाबा, आणि पत्ते पिसायला घेतले. मीटिंगनंतर युकरचे चार डाव झाले. हरलो. मन निवडणुकीत होतं.

१५ ऑगस्ट, गुरुवार

पाट्या आल्या, दोनशे. मार्लीनने एक हातात घेऊन लांब धरली, जवळ धरली आणि विचारलं, हा कोण? एकतीस वर्षं संसार झालाय. चष्मा बदलायला सांगितलं.

१७ ऑगस्ट, शनिवार

प्रचाराचा पहिला दिवस. बावीस घरं. उन्हाचा कहर, सूट लोकरीचा.

पक्षाची पद्धत अशी: प्रत्येक नावापुढे आकडा लिहायचा. एक म्हणजे आपलं पक्कं मत, पाच म्हणजे कट्टर विरोधी. बावीसपैकी एकोणीस जण हसून म्हणाले, बघू, नक्की विचार करतो. एकोणीस वेळा एक लिहिला. माणूस विचार करतो म्हणतो तेव्हा विचार झालेला असतो.

मिसेस ऑलब्रायटने दार उघडलं नाही. अठरा वर्षं तिच्या टाकीचं काम माझ्याकडे आहे. खिडकीची फट करून म्हणाली, अहो, आमचा देव ठरलेला आहे, पुढच्या घरी जा. ओळखलंच नाही, धर्मप्रचारक समजली. सूट चांगला बसतो, असा याचा अर्थ. दोन लिहिला.

तिसरा संकल्प एकदाच मोडला. नऊ घरी.

२४ ऑगस्ट, शनिवार

आज एकतीस घरं. एका माणसाला नाल्यांचं धोरण समजावत होतो. तो लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी म्हणाला, ते सगळं ठीक, पण आमच्या न्हाणीत पाणी गुडगुडतं ते कशानं? कान लावला. निदान सांगितलं. त्याने मंगळवारची वेळ घेतली. पक्का एक.

७ सप्टेंबर, शनिवार

ओक लेनवर एकही घर सोडायचं नाही, असं ठरवून निघालो. त्यामुळे चौथं घर प्रतिस्पर्ध्याचं निघालं. डेमोक्रॅट उमेदवार, प्रोफेसर कॅरोलाइन ब्रॅकेट. कॉलेजात शिकवते. दलदलीतल्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिलंय. आयुष्यात एका नाल्यात उतरलेली नाही.

बाई मात्र सभ्य. पायरीवर बसवून गार चहा दिला. आत बोलावलं नाही, पण पायरी पुढच्याच दाराची होती. म्हणाली, मिस्टर टेलफोर्ड, तुम्ही माझंही मत मागताय, याचं मला कौतुक वाटतं. मी म्हटलं, विचार करा. म्हणाली, नक्की.

निघताना बाजूच्या हिरवळीचा एक पट्टा जास्त हिरवा दिसला. टाचेने दाबून बघितलं. राहवलं नाही. म्हटलं, मॅडम, तुमची टाकी गळ्यापर्यंत आलीय, या महिन्यात उपसून घ्या. ती म्हणाली, अहो, सध्या इतकी धावपळ आहे, निवडणूक झाली की बघू.

तिच्या नावापुढे तीन लिहिला. वळवता येईल.

२१ सप्टेंबर, शनिवार

लायब्ररीत दोन्ही उमेदवारांची जाहीर चर्चा. श्रोते चौदा, त्यात लायब्ररीचे तीन. प्रश्न आला: मिल रोडवर दर वसंतात पाणी का साचतं? मी उत्तर दिलं. तिथला पाइप अठरा इंची आहे, हवा तीसचा. तो कोणी, कधी, कोणत्या उताराने टाकला, त्याआधी तिथे काय होतं, हेही सांगितलं. अकरा मिनिटं. सभागृहात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याचं घोरणं ऐकू आलं, पण तो आधीपासूनच घोरत होता.

प्रोफेसरबाई म्हणाली, पाणी आपल्या सगळ्यांचं आहे, आपण एकमेकांचं ऐकू या. बस, एवढंच. टाळ्या.

माझे कान पहिल्यापासून तिखट. मागच्या दारी उभं राहून स्वयंपाकघरातलं ऐकायची सवय. कोट घेताना दोन बायका बोलत होत्या. एक म्हणाली, त्याला सगळं माहितीये गं. दुसरी म्हणाली, हो ना, बिचारा. 'बिचारा' म्हणजे सहानुभूती. सहानुभूतीवर कितीतरी निवडणुका फिरल्यात.

५ ऑक्टोबर, शनिवार

गाडीने फिरून पाट्या मोजल्या. माझ्या सतरा. तिच्या तीनशेला मोजणं थांबवलं. ऑगस्टमध्ये मी इथे सगळ्यांना सांगत होतो की पाटी म्हणजे मत. तो विचार आता जुना झाला. पाट्या मत देत नाहीत, माणसं देतात, आणि माणसं माझ्या वहीत आहेत.

गॅरेजात एकशे त्र्याऐंशी पाट्या शिल्लक. मार्लीनने विचारलं, एखाद-दोन कोंबड्यांच्या खुराड्याला लावू का, वारा येतो. निवडणुकीनंतर, असं सांगितलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

जेवताना मार्लीनने स्वतःची वही माझ्या वहीशेजारी ठेवली. धंद्याचे फोन ती घेते, नोंदीही तीच करते. म्हणाली, ऑरिन, बघ जरा. तुझे पक्के एक आणि माझी बुकिंगं, नावं तीच आहेत. ऑगस्टपासून तू मतं आणलेली नाहीस, टाक्या आणल्यास.

मी शांतपणे समजावलं की ज्या माणसावर आपण टाकी सोपवतो त्याच्यावर काउंटीही सोपवतो. ती म्हणाली, रस्सा घ्यायचा तर घे, बटाटा गार होतोय.

२६ ऑक्टोबर, शनिवार

गावात हॅलोविनची, सोंगांची मिरवणूक. सूट घालून, हात हलवत, शेवटपर्यंत चाललो. वेशभूषेत तिसरं बक्षीस मिळालं. परीक्षक बाईने माइकवरून सांगितलं, तिसरा क्रमांक, उमेदवार. पहिला क्रमांक एका भोपळ्याला.

बक्षीस न मागता मिळालं, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

४ नोव्हेंबर, सोमवार

अंतिम हिशेब. घरं ६१२. पक्के एक: ५७३. प्रत्येकाने बायकोला किंवा नवऱ्याला सांगितलं, आणि त्या दोघांनी प्रत्येकी वीस-पंचवीस जणांना सांगितलं, तर मी बावन्न टक्क्यांवर आहे. हा अंदाज मी मुद्दाम कमी धरलाय.

व्हर्नाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, पोरा, इथे लोक मतपत्रिकेच्या डोक्यावरचा पक्षाचा एक गोल काळा करतात. खालचे सगळे उमेदवार त्यात आपोआप येतात. तुझं नाव पार खाली आहे. तिथवर कोण वाचत येणार? मी म्हटलं, नाल्याच्या बाबतीत माणूस वाचतो.

विजयाचं भाषण तयार. साडेचार पानं. 'पाण्याला पक्ष नसतो' तीनदा आलंय.

५ नोव्हेंबर, मंगळवार

शाळेच्या दारापासून नियमाप्रमाणे शंभर फुटांवर दिवसभर उभा. वातावरण अनुकूल. बरेच जण हसले. एक जण बायकोला म्हणत गेला, वरचा गोल भर आणि ये लवकर, कुत्रा गाडीत आहे. वरचा म्हणजे कोणता ते ऐकू आलं नाही. आपलाच असणार.

६ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ७.३०

ती ६९ टक्के. मी ३१. मोजणी अजून चालू असणार.

सकाळी १०

मोजणी संपलीय. काउंटी ऑफिसात तीनदा विचारून घेतलं. तिसऱ्यांदा बाई म्हणाली, मिस्टर टेलफोर्ड, मनाला लावून घेऊ नका, आणि हो, माझ्या आईकडे शुक्रवारी याल का, तिच्याकडे वास येतोय.

व्हर्ना सफरचंदांच्या सायडर मिलवरचे डोनट घेऊन आली. डोळ्यांत पाणी. म्हणाली, पोरा, एकतीस. मागच्या खेपेला एकोणतीस होते. चौतीस वर्षांत इतके कधी पडले नव्हते. तिला आनंद झालाय. मलाही होईल.

दुपारी ४

शांतपणे विचार केला. प्रोफेसरबाईला पक्ष्यांची माहिती आहे, पाइपांची नाही. तिला जाणकार उपकमिशनर लागणार. पक्ष न बघता माणूस निवडायला हवा, हे तिलाही कळत असेल. आठवड्याभरात तिचा फोन येईल. भाषण फाडलं नाही, थोडी दुरुस्ती केली की चालेल.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

फोन नाही. म्हणजे धंद्याचे आले, अकरा. तिचा नाही. फोन नीट चालतोय का ते मार्लीनच्या मोबाइलवरून बघितलं. चालतो.

९ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी दीडला फोन आला.

मार्लीनने घेतला. फोनवर हात ठेवून म्हणाली, ऑरिन, प्रोफेसर ब्रॅकेट आहेत. घरी विजयाची मेजवानी चाललीय, ऐंशी माणसं आलीत. म्हणतात, ही परिस्थिती तुमच्याशिवाय कोणी सांभाळू शकणार नाही, असतील तसे लगेच या. पुढे ती आणखी काही सांगत होती. मी तोवर जिन्यात होतो. सूट, निळा टाय, भाषण खिशात. चौदा मिनिटांत ओक लेन.

बेल दाबली. दार प्रोफेसरबाईनेच उघडलं. माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, मिस्टर टेलफोर्ड, देवासारखे आलात, आत या.

आत या. पुढच्या दारातून. ही नोंद वेगळी लिहून ठेवतो.

गालिचा, पियानो, भिंतभर पुस्तकं. माणसांनी वाट करून दिली. पाहुण्यांच्या मधून तिने मला हाताला धरून नेलं, बोळातून, खालच्या बाथरूमच्या दाराशी. बोळाच्या निम्म्यावरच नाकाने सगळं सांगितलं होतं.

तुम्ही सप्टेंबरात म्हणाला होतात, ती म्हणाली. मी म्हटलं, हो. तिचा चेहरा बघवत नव्हता. ऐंशी माणसं, आणि सूप दुसऱ्यांदा वाढलेलं.

टँकर पाठव, असं सांगायला मार्लीनला फोन केला. ती म्हणाली, मी त्यातच आहे, ओक लेनच्या वळणावर. तुझे कामाचे कपडे सीटवर ठेवलेत. फोनवर तेच सांगत होते.

सूट टँकरमध्ये बदलला. मागच्या अंगणात गेलो. झाकण ओळखीच्या बनावटीचं होतं. पस्तीस मिनिटं लागली. शेवटी आतून पाणी सुटल्याचा आवाज आला, तेव्हा सगळे पाहुणे मागच्या ओट्यावर येऊन टाळ्या वाजवत होते. इतक्या टाळ्या मला आयुष्यात मिळाल्या नव्हत्या. बाईला आख्ख्या प्रचारात मिळाल्या नसतील.

एक उंच, टक्कल पडलेला गृहस्थ हातात कागदी प्लेट घेऊन जवळ आला. बराच वेळ पाइप गुंडाळताना बघत राहिला. मिल रोडच्या पाण्याबद्दल विचारलं. मी दोन वाक्यांत सांगितलं, कारण पाइप जड होता. तो म्हणाला, अहो, हे इतकं सरळ आहे? मग आवाज खाली आणून म्हणाला, कॅरोलाइन आमची मैत्रीण आहे, पण खरं सांगतो, तुमच्यासारखा माणूस उभा असता तर मी पक्ष बघितला नसता. या वेळी समोर कोण होता तो? सूटवाला. कोणी ज्युनिअर. एकदा आमच्या दारी आला होता, भलतंच लांब बोलला. तुम्ही का नाही उभे राहत?

मी म्हटलं, बघू, नक्की विचार करतो.

तो खूश झाला. त्याला ते खरं वाटलं.

१० नोव्हेंबर, रविवार

सकाळी वही आणि खोडरबर घेऊन बसलो. 'बघू' म्हणालेल्यांचे एक खोडले. दोनशेच्या आसपास रबर संपलं.

व्हर्नाला फोन केला. पाटीवर टँकर छापायला हवा होता, असं म्हटलं. ती म्हणाली, चार वर्षांनी छापू, पोरा, मी तोवर कुठे जात नाही.

पाट्या मार्लीनने खुराड्याला लावल्या. कोंबड्या माझ्या फोटोकडे पाठ करून बसतात. वारा मात्र थांबला.

कालच्या मेजवानीतून सव्वीस बुकिंगं आलीत. मार्लीन ती उतरवून घेत होती. मी विचारलं, चार वर्षांनी पुन्हा उभा राहिलो, तर तुझं मत मला ना? तिने वर बघितलं नाही. म्हणाली, बघू, नक्की विचार करते.

तिच्या नावापुढे एक लिहिला.