पुष्करची साखर का उतरते

पुणे
९ मार्च २०२५

ती. सुरुचीताईंस,
अस्मिताचा सा. नमस्कार. आम्ही बरे आहोत. तुमच्या गुडघ्याला आता आराम असेल. फोनवर बोलायचं तर पुष्कर शेजारीच बसलेला असतो, म्हणून हे पत्र.

परवा तुम्ही विचारलंत, तुमचा भाऊ सारखा चक्कर येऊन का पडतो, मी त्याला वेळेवर जेवायला देते ना. देते. राग आला होता, पण तो आता राहिला नाही. कारण तुम्ही माझ्यावर संशय घेत होतात, तेव्हा मी दुसऱ्याच कुणावर घेत होते.

खडकवासल्याहून परतताना स्कूटर चालवता चालवता तो बोलायचा थांबला आणि गाडी रस्त्याकडेच्या मातीत गेली. नशिबाने पुढे रसवंती होती. उसाचा रस पाजल्यावर त्याने मला ओळखलं. घरी आल्यावर म्हणाला, काही झालं नव्हतं. साखर मोजायच्या मशीनमधले आकडेही त्याने पुसून टाकले होते.

दुसऱ्या दिवसापासून त्याचं इन्सुलिन मी माझ्या ताब्यात घेतलं. डोस मी देणार. का, ते त्याने विचारलं नाही. मला तेच जास्त खटकलं. डोळ्यांवर परिणाम झाल्याचं कळल्यापासून तो फार बोलत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. एकदा म्हणाला होता, अकराव्या वर्षापासून टोचून घेतोय, आणखी किती?

मोजून डोस देऊनही साखर उतरलीच. मग मला वाटायला लागलं, ऑफिसात दुसरं इन्सुलिन ठेवलं असेल. त्याची बॅगसुद्धा तपासली. गुळाच्या वडीशिवाय काही मिळालं नाही.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, स्वादुपिंडात पेशींचे पुंजके असतात. काही पेशी इन्सुलिन सोडून साखर उतरवतात, शेजारच्या काही ग्लुकागॉन सोडून ती चढवतात, आणि तिसऱ्या या दोघींना आवर घालतात. साखर उतरली की इन्सुलिनवाल्या थांबतात, आणि त्या थांबल्या यावरूनही शेजारणींना कळतं की आता आपलं काम. पुष्करच्या इन्सुलिनवाल्या पेशी लहानपणीच मेल्या, आणि टोचलेलं इन्सुलिन साखर उतरली तरी थांबत नाही. साखर चढवणाऱ्या जिवंत आहेत, पण त्यांना इशारा देणारं शेजारी कुणी उरलं नाही. वर साखर पुन्हापुन्हा उतरल्याने घाम, थरथर ही लक्षणंही त्याला जाणवेनाशी झाली होती. काही आठवडे साखर मुद्दाम जरा चढीच ठेवायची, म्हणजे ती जाणीव परत येण्याची शक्यता आहे. दंडाला सेन्सरही लावलाय. साखर उतरायला लागली की तो वाजतो.

एवढं ऐकून मी निश्चिंत व्हायला हवं होतं. झाले नाही. दवाखान्याच्या जिन्यात त्याला विचारलं, "तू मुद्दाम जास्त घेत होतास का?"

तो पायरीवर बसला. "नाही," म्हणाला. मग बुटाची नाडी पुन्हा बांधत, "विचार आला होता. घेतलं नाही. आकडे पुसले, कारण तू गाडी काढून घेतली असतीस."

गाडी मी काढून घेतलीच. तो रिक्षाने खडकीला ऑफिसात जातो आणि कुरकुर करतो. त्याची कुरकुर ऐकून मला बरं वाटतं. त्या विचाराबद्दल त्याने डॉक्टरांशी बोलावं म्हणून मागे लागले आहे. मंगळवारी जातो म्हणालाय. मी बरोबर जाणार आहे, कारण नुसत्या होकारावर माझा अजून विश्वास बसत नाही.

ताई, तुम्ही मला फोन करून त्याची चौकशी करता. एकदा त्यालाच करा. जेवलास का, असं विचारू नका. कसा आहेस, विचारा, आणि तो उत्तर देईपर्यंत फोन ठेवू नका.

तुमची भावजय, अजून त्याच्यावर नजर ठेवून असलेली,
अस्मिता